आखाडाचा पहिला पेला

पिण्याबद्दल मी आजवर जे जे सांगत आलो त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि कुठलं निम्मं, ते आता माझं मलाच सांगता येत नाही. मला चावलेला डास झिंगून म्हशीच्या शिंगाला धडकला आणि वर म्हशीलाच 'दिसत न्हाय का गं' म्हणाला, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की त्या डासाचा चेहरा मला आठवतो. लोहाऱ्याच्या एसटीत मी नुसता श्वास सोडला आणि मागच्या दोन बाकांनी फुटाणे काढले, हेही मीच पसरवलेलं. पण एवढं खरं धरून चाला, की मी दारुडा नव्हतो. दारुडा रोज पितो. मी नेमानं पीत होतो.

हा नेम समजायचा तर माझं काम समजलं पाहिजे. मी साखर कारखान्यात पॅनमन. उसाचा रस आटून पाक झाला की तो घराएवढ्या बंद कढईत घेतात, तिला पॅन म्हणतात. त्या पाकात दाणा कधी धरला, किती वाढवायचा, कधी खाली सोडायचा, हे ठरवतो तो पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा, मग दोन बोटांत चोळायचा. तेवीस हंगाम मी हेच केलं. पॅन असतात कारखान्याच्या पार वरच्या मजल्यावर, लोखंडी जिन्यानं चढून जायचं. पायऱ्या बावन्न. लोकांना मी एकशेवीस सांगायचो, आणि शेवटी शेवटी त्या खरंच एकशेवीस झाल्या.

तर हंगामात पाळीवर थेंब नाही. दाणा बघणाऱ्या डोळ्याला आणि बोटाला ती चालत नाही. श्रावण पाळायचा. नवरात्राचे नऊ दिवस पाळायचे, तेही अनवाणी. पण श्रावणाच्या आधी आखाड असतो, आणि महिनाभर कोरडं राहायचंय म्हणून पुढच्या महिन्याची आधीच भरून घ्यावी लागते. नवरात्र उठलं की राहिलेले नऊ दिवस भरून काढायचे. हंगाम संपून बॉयलर विझला की राहिलेले पाच महिने. हे मी एकटा करत नव्हतो, आमच्याकडं गावंच्या गावं करतात. पाळलेल्या दिवसांनी प्यालेले दिवस धुऊन निघतात, याबद्दल आमच्यातल्या एकाही शहाण्याला कधी शंका आली नाही.

छातीतलं पहिलं लफडं झालं ते सासुरवाडीला, लोहारा तालुक्यात, काही वर्षांमागं. त्या घरचा रिवाज असा की आखाडाला जावई बोलवायचा, बोकड पाडायचं, आणि पहिला पेला जावयानं तोंडाला लावल्याशिवाय कुणाच्या ताटात रस्सा पडायचा नाही. पन्नास माणसं, लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, समदे हात धुऊन जावयाच्या तोंडाकडं बघत बसलेले. असा मान कलेक्टरलाही मिळत नाही. मी तो मान त्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला वाकलो आणि छातीत कुणीतरी चारी पायांनी उड्या मारायला लागलं. दोन ठोके घाईघाईनं, मग एक गायबच, मग पाच एकावर एक. बायकोनं छातीला कान लावला.

"अवो, ही छाती हाय का खुराडं?" ती म्हणाली. "आत मुंगूस शिरल्यागत व्हायलंय."

मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा पिण्यातला जोडीदार, चुळा भरता भरता म्हणाला, "दाजी, पित्त हाय पित्त. सोडा घ्या."

सोडा घेतला. दुपारपर्यंत मुंगूस निघून गेलं. पुढं श्रावण आला, मी पाळला, महिनाभर छाती देवळासारखी शांत. झालं, सिद्ध झालं की श्रावण हे औषध आहे.

त्यानंतर ते येत गेलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं, तर आम्ही म्हणालो अनवाणी चालून चालून उष्णता वर चढली. हंगाम संपल्यावर आलं, तर म्हणालो पॅनची वाफ अंगात राहिली. एकदा लग्नानंतर आलं, तर बँडवाल्यावर ढकललं. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी दारू होती, आणि प्रत्येक वेळी दारू सोडून आम्ही बाकी सगळ्यांची चौकशी केली. उलट मी असा शोध लावला, की हे सगळं होतं ते दारू उतरताना, म्हणजे दोष उतरण्याचा आहे. मग सकाळी चार घोट टाकून तिला उतरूच द्यायची नाही. हा शोध मी मेहुण्याला सांगितला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "दाजी, तुमी शिकायला पायजे हुता."

मग एका माघात, ऐन हंगामात, ते आलं आणि गेलंच नाही. आदल्या दिवशी सुट्टी होती, नातेवाइकाकडं बारसं होतं, पुढचं सांगत नाही. पाळीवर जिना चढताना निम्म्यात दम लागला. वर पोचलो तर काचेवरचा दाणा दिसेना. आधी वाटलं पाकच बिघडला, मग कळलं की माझ्याच डोळ्यापुढं काळं येतंय. चीफ केमिस्टसाहेबांनी मला खुर्चीवर बसवलं, मनगट धरलं आणि पटकन सोडलं, तापलेला पाईप धरल्यागत.

सोलापूरला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढी. छातीवर वायरी लावून तिनं ठोक्यांची कागदी पट्टी काढली. कोंबडीनं उकिरडा उकरावा तशा त्या रेघा.

"काका, किती पिता?" तिनं विचारलं.

पारावर मी दोन बाटल्या सांगायचो. तिच्यापुढं म्हणालो, "सणासुदीला. दोन टोपणं."

बायको शेजारीच होती. "टोपणं कशाची ते इचारा," ती म्हणाली. "पिंपाची बी टोपणं असत्यात."

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं कागदावर चार खोल्यांचं घर काढलं. वरच्या दोन कप्प्यांनी आकसून खालच्यांना रक्त द्यायचं असतं, म्हणाली, तुमचे वरचे दोन आकसत नाहीत, नुसते थरथरतायत. तिथं रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. मग दारूवर आली. वर्षानुवर्षं पिऊन तर हे होतंच, पण एका बैठकीत भरमसाट प्यालं तरी लय बिघडते. सणानंतर, लग्नानंतर असे किती जण तरी येतात. आणि रोज थोडी घेतली म्हणून सुटका नाही, धोका त्यानंही वाढतो.

मी म्हणालो, "पण मॅडम, मी श्रावण पाळतो."

"पाळा की. पण आदल्या दिवशी महिन्याची भरून घेता ना? तो एका दिवसाचा मारच तुमच्या हृदयाला बसतो."

मला कुणी असं बोललेलं आठवत नाही. आमच्याकडं श्रावण पाळणाऱ्या माणसाला बोलत नाहीत.

तिनं रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. आठवडे मोजून त्या घ्यायच्या, दारूचा थेंब नाही, मग विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणायचे. मी विचारलं, मी परत पॅनवर चढेन का? कारण निवृत्तीला तीन हंगाम उरले होते आणि साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, की डॉक्टरचं पत्र आण, नाहीतर गेटवर खुर्ची देतो. गेट म्हणजे येणाऱ्या ट्रॅक्टरला नंबराचा बिल्ला द्यायचा. त्या कामाला डोळा लागत नाही, बोट लागत नाही, काही लागत नाही.

"ठोके ताळ्यावर राहिले तर चढाल," ती म्हणाली. "दसऱ्याच्या सुमारास पट्टी काढू. चांगली असली तर पत्र देते. पण मधे पुन्हा बिघडलं तर त्याच दिवशी या. लवकर आलात तर बहुतेक परत आणता येतं. महिनोन्महिने तसंच राहिलं तर कप्पे ताणतात. मग कितीही झटके द्या, उपयोग नाही."

हे वाक्य तिनं माझ्याकडं बघून म्हटलं, मग बायकोकडं बघून परत म्हटलं.

मी पाळलं. खोटं नाही. पाडव्याला नाही, जत्रेला नाही, हंगाम संपला त्या दिवशी सगळे शेतात प्यायला गेले आणि मी घरी बसून टरबूज खाल्लं. उन्हाळ्यात झटक्याचा दिवस आला. छातीला दोन पट्ट्या चिकटवल्या, सुई दिली, मी झोपलो. उठलो तेव्हा आत इतकं शांत होतं की वाटलं बंदच पडलं. गुरं विकल्यावर गोठा असतो ना, तसं. मग हळूच कळलं, की एक एक ठोका पडतोय, आपापल्या जागेवर. डॉक्टरीणबाईनं नवीन पट्टी दाखवली. कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे सगळे एका अंतरावर. बायको बाहेर जाऊन रडून आली आणि म्हणाली की डोळ्यात काहीतरी गेलं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी रोज शेताच्या बांधावरून टेकडी चढून यायचो. दम नाही, काही नाही. एकदा तर वर जाऊन उगीच मोठ्यानं ओरडलो.

इथंच मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण पारावर चार माणसं जमली आणि विचारायला लागली, की झटका दिला म्हणजे काय केलं? माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी सांगितलं, की माझ्या हृदयानं आख्खी लाईन ओढली, निम्म्या सोलापुराची लाईट गेली, दोन नर्सा भिंतीला चिकटल्या, आणि उठल्या उठल्या मी हात लावला तर बल्ब पेटला. लोक लोळायला लागले. मी ती गोष्ट आठवडाभर चालवली. बाईनं मला काय बजावलं होतं, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आखाड आला. सासुरवाडीहून फोन. बायको म्हणाली, "मी एकली जाऊन येते. तुमी नगा येऊ."

"जावई न्हाय गेला तर रस्सा कोण वाढंल?"

"उपाशी मरना गेलेत. जेवतील आपले."

"मी तोंडसुद्धा लावणार नाही. नुसता बसून येतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला माहीत होतं ती काय बघतेय. तीस-बत्तीस वर्षांत माझं कुठलं वाक्य खरं ते ओळखायची तिनं एक रीत काढली होती. मी भिंतीकडं बघून बोललो तर खरं, तिच्याकडं बघून बोललो तर खोटं. मी भिंतीकडं बघितलं.

गेलो. बोकड शिजलेलं, पन्नास माणसं हात धुऊन बसलेली. पेला समोर आला. मी म्हणालो, "मला बंद केलीय डॉक्टरनं."

मग मेहुणा म्हणाला, "दाजी, बंद हुती ती जुन्या इंजनाला! आता तर तुमचं इंजन रिबोर झालंय. सोलापूरची लाईट घालवली म्हणं तुमी?" आणि पन्नासच्या पन्नास माणसं हसली. माझी गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली होती. कुणीतरी म्हणालं, पाव्हण्याला शिवू नका, शॉक बसंल. मीही हसलो. मी पुन्हा म्हणालो, खरंच बंद आहे. ते आणखी हसले. माझं तोंडच असं आहे, की त्यातून आलेलं खरं कुणी घरात घेत नाही.

सासरे काठी टेकत जवळ आले. ऐंशीच्या पुढचे, आवाज बारीक. "जावईबापू, तोंड लावा. लेकरं भुकेजल्यात."

बायकांच्या घोळक्यातून बायको उठून उभी राहिली. "आण्णा, त्यास्नी नगा देऊ," ती बापाला म्हणाली. पण त्या घरात आखाडाच्या पंगतीत लेकीचं ऐकायची पद्धत नव्हती. आणि मला कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. मी मनाशी म्हणालो, पाच दिवसांवर श्रावण आहे. पेला नुसता ओठाला लावायचा होता. ओठाला लावला. थंड होता. मग त्या गोष्टीतला उरलेला भाग सांगायला लागलो, बल्ब पेटल्याचा, आणि गोष्ट सांगताना हातात रिकामा पेला मला कधीच धरता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं होतं. मी अंथरुणातच ओळखलं. बायकोनं विचारलं, "बरं हाय नव्हं?" मी भिंतीकडं बघून म्हणालो, "झकास."

त्या दिवशी मला लोहाऱ्यातून सोलापूरची गाडी धरता आली असती. ते मी केलं नाही, आणि का केलं नाही ते आजही लिहायला हात आखडतो. जावं तर बाईला सांगावं लागणार, बायकोला कळणार, साहेबांना कळणार. आणि दुसरं म्हणजे श्रावण येतच होता. पहिल्यांदा श्रावणात शांत झालं होतं ना? मग आताही होईल. एवढी वर्षं पाळलाय, तो काय मला एकदा हात देणार नाही?

असा श्रावण मी आयुष्यात पाळला नाही. थेंब नाही, कांदा-लसूण नाही, बाहेरचं पाणी नाही. चारी सोमवारी येडशीला रामलिंगाला गेलो, घाट चढून येताना दर वळणावर थांबून दम घेत. लोकांना म्हणालो, माकडं बघतोय. गोळ्या तेवढ्या घेत होतो, बायको हातावर ठेवायची म्हणून. श्रावण संपला. मुंगूस आतच. मग म्हणालो गणपती झाले की बघू. मग म्हणालो पितृपक्षात नवीन काम काढू नये. मग नवरात्र आलं, म्हणालो आता नऊ दिवसच राहिलेत, देवीच्या मनात असेल तर. एवढे दिवस मी थेंबाला शिवलो नाही, आणि हे पाळणं छातीत कुणालाच पोचत नव्हतं.

दसऱ्यानंतर पत्रासाठी गेलो. वायरी लावायच्या आधीच डॉक्टरीणबाईनं मनगट धरलं आणि तिचा चेहरा पडला.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले असतील."

तिनं पट्टी काढली, मग पडद्यावर हृदय बघितलं, कितीतरी वेळ. बायको पडद्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"आखाडापासनं," बायको म्हणाली. "व्हय ना?"

मी व्हय म्हणालो. भिंत मागं होती.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. रागावली असती तर मला आशा वाटली असती. वरचे कप्पे ताणलेत, म्हणाली. तरी एक प्रयत्न करू. पुन्हा झटका दिला. ठोके ताळ्यावर आले आणि मी घरी पोचून चहा प्यायच्या आत परत सुटले. नळी घालून आतली जागा जाळायचा एक इलाज असतो, पण तुमच्या कप्प्यांचा आकार बघता मी भरवसा देत नाही, म्हणाली. आता लय आणायची नाही, नुसता वेग आवरायचा. गोळ्या जन्मभर.

"आणि पत्र?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली.

बायको घरी आल्यावर एकच वाक्य बोलली. भाकरी थापता थापता. "मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी नेलं असतं तुमाला." त्यानंतर त्या विषयावर ती बोललेली नाही. मी भिंतीकडं बघतो की तिच्याकडं, याकडंही तिचं लक्ष नसतं आता.

मेहुणा भेटायला आला. त्याच्याही छातीत सणानंतर फडफड होते, हे मला माहीत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, कप्पे, गुठळी, ताण, जसं बाईनं सांगितलं तसं, एक शब्द वाढवला नाही. तो मन लावून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "मंग? फुडं? लाईट कवा गेली?"

"लाईट गेली न्हाय," मी म्हणालो.

"असं कसं दाजी," तो हिरमुसून म्हणाला. "ह्या खेपेला मजा न्हाय आली."

हंगाम सुरू झाला. मला गेटवर खुर्ची मिळाली. दारू सुटलीय. ह्याला निग्रह म्हणू नका, आता ती आणि मी दोघंही थकलो आहोत. बाई म्हणते सोडलीत हे चांगलं केलंत, गुठळीचा धोका तेवढा कमी. मी व्हय म्हणतो. ट्रॅक्टर येतात, बिल्ला देतो, ट्रॅक्टर जातात.

एकदा ऊस कमी होता, गेटवर सामसूम होती, तर मी उठून आत गेलो. कुणी बघत नव्हतं. जिन्याचा कठडा धरला आणि चढायला लागलो. वरून गरम पाकाचा वास येत होता. त्या वासावरून मी सांगू शकलो असतो की दाणा आता धरायलाच आलाय, दोन-तीन मिनिटांत काच बघायला हवी. निम्म्यापर्यंत गेलो आणि खाली बसलो. बसावंच लागलं. छातीत कुणीतरी दार नसलेल्या खोलीत धावत होतं.

माझ्यानंतर पॅनवर आलेला माणूस, माझ्याच वयाचा, दुसऱ्या पाळीतला जुना सोबती, पाळी संपवून घाईघाईनं खाली उतरत होता. मला बघून थांबला.

"वरनं काय आणायचं हुतं का? सांग, मी आणून देतो."

माझ्या तोंडाशी नेहमीसारखं काहीबाही आलं. मग तेही गेलं.

"न्हाय," मी म्हणालो. "कायी न्हाय."

तो बाजूनं उतरून गेला. मी कठडा धरून उठलो आणि एकेक पायरी करत खाली आलो. गेटवर एक ट्रॅक्टर बिल्ल्यासाठी हॉर्न वाजवत उभा होता.